सायकल वारंवार पंक्चर होते: दोष टायरचा, रस्त्याचा की माझा?

मागचे_चाक
नमस्कार. गेली चार वर्षे मी कामावर जाण्यायेण्यासाठी रोज सायकल वापरतो. दोन्ही वेळचे मिळून साधारण १८ किलोमीटर होतात. सायकल हायब्रिड आहे आणि टायरवर ७०० × ३५ असे लिहिलेले आहे. आतापर्यंत वर्षातून एखाददुसरे पंक्चर होत असे आणि त्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. मात्र गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा हवा गेली, आणि तिन्ही वेळा मागच्याच चाकाची. पहिल्या वेळी पंक्चर काढून घेतले, दुसऱ्या वेळी वैतागून नवी ट्यूब टाकली, आणि तीन आठवड्यांत ती नवी ट्यूबही बसली. दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे असे की रस्तेच खराब आहेत, त्याला कोण काय करणार. पण रस्ता तर चार वर्षे तोच आहे.
माझा प्रश्न असा की नियमित निगा राखून पंक्चर खरोखर टाळता येते का, की हा सगळा नशिबाचा भाग आहे? जाड ट्यूब, टायरच्या आत बसवायची पट्टी, सीलंट असे अनेक उपाय लोक सुचवतात. त्यांतले कोणते आपण स्वतः वापरले आहेत, हे वाचायला आवडेल.

अर्धवट_हवा
माझे नाव वाचून हसू नका, ते अनुभवातून आलेले आहे. बहुतेक लोक कमी हवेवर सायकल चालवतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. ब्यूटाइल रबराची ट्यूब पूर्णपणे धडधाकट असली तरी तिच्यातून हवा झिरपतच असते. टायर जितका अरुंद आणि दाब जितका जास्त, तितकी ही गळती लवकर जाणवते. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले की टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. साप चावल्यासारख्या दिसतात त्या. तिथे ना काटा असतो, ना काच. म्हणून माणूस टायर चाचपून चाचपून थकतो आणि शेवटी रस्त्याला दोष देतो.
अंगठ्याने टायर दाबून अंदाज घेण्याची सवय सोडून द्या. ३५ मिमीच्या टायरमध्ये ४० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आहे की ६०, हे अंगठ्याला कळत नाही. दाबमापक असलेला उभा पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा, दिवस ठरवून, दोन्ही चाके तपासा. माझे वजन ७५ किलो आहे. तेवढ्याच रुंदीच्या टायरमध्ये मी मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय ठेवतो.

डबलसीट
माझ्या सायकलचे पंक्चर फक्त सोमवारी सकाळी होते. यावर काही निगा सुचवता येईल का?

अर्धवट_हवा
शनिवार आणि रविवार सायकल उभी राहते आणि तेवढ्या वेळात हवा उतरते. आपण विनोद केला आहे हे समजले, पण उत्तर खरे आहे. रविवारी रात्री हवा भरून पाहा.

आरेवारी
मागचे_चाक, उपाय सुचवण्यापूर्वी एक विचारतो: तिन्ही वेळा छिद्र ट्यूबच्या कोणत्या बाजूला होते? रस्त्याकडच्या, रिमकडच्या, कुशीला, की व्हॉल्व्हच्या बुडाशी? हे ठाऊक नसताना जाड ट्यूब किंवा सीलंट घेणे म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहता गोळी घेणे.
छिद्र रस्त्याकडच्या बाजूला आणि एकच असेल, तर काटा, काच किंवा तार आत शिरली आहे. दोन समांतर चिरा असतील, तर वर अर्धवट_हवा यांनी सांगितलेला प्रकार. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटले असेल, तर व्हॉल्व्ह तिरका बसलेला आहे किंवा हवा भरताना पंपाचे तोंड हिसडले जात आहे. वीतभर लांब चीर पडून मोठा आवाज झाला असेल, तर टायरची कडा रिममध्ये नीट बसलेली नव्हती आणि ट्यूब तिच्याखालून बाहेर डोकावत होती. आणि छिद्र रिमकडच्या बाजूला असेल, तर रस्ता निर्दोष आहे. गुन्हेगार चाकाच्या आतच आहे.
मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे. टायर चढवताना त्यावरचा छापील मजकूर बरोबर व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवतो. ट्यूब काढल्यावर छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजले की टायरवरची नेमकी जागा सापडते. मात्र ट्यूब हातात उलटसुलट होत असल्यामुळे व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर पाहावे लागते.
जुनी ट्यूब फेकली नसेल, तर कृपया शोधून काढा.

मागचे_चाक
जुनी ट्यूब घरात कुठेतरी नक्की आहे. छिद्राची बाजू कधी पाहिलीच नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही ट्यूब घेऊन बसतो.

सावकाश_जा
दाबाविषयी थोडे वेगळे मत मांडतो. कमी हवा वाईट हे मान्य, पण त्यावरून लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि टायरच्या कुशीवर छापलेला कमाल आकडा म्हणजेच योग्य आकडा असे समजून दगडासारखी हवा भरतात. कमाल म्हणजे त्यापुढे जाऊ नका, एवढेच. फार ताणलेला टायर टोकदार खड्यावरून जाताना दबून त्याला वाट देऊ शकत नाही, पकड कमी होते आणि हाडे खिळखिळी होतात ती वेगळीच. मी कमालपेक्षा बराच खाली असतो, आणि माझी पंक्चरे वाढलेली नाहीत.

अर्धवट_हवा
सावकाश_जा यांच्याशी माझे भांडण नाही. दाब वजनावर आणि टायरच्या रुंदीवर ठरवावा. मी फक्त एवढेच म्हणतो की तो मोजलेला असावा. कमालपेक्षा खाली राहणे आणि किती खाली आहोत हे ठाऊक नसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सात_गिअर
उन्हात उभी केलेली सायकल पंक्चर होते, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून मी उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतो. हे योग्य आहे का?

आकडेमोड
अजिबात नाही, आणि याचे गणित सोपे आहे. दाबमापकावर ६० दिसत असेल, तर वातावरणाचा साधारण १४.७ मिळवून आतला एकूण दाब ७४.७ पीएसआय होतो. हा एकूण दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात वाढतो. टायर २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तरी वाढ होते ती ७४.७ × ३५ ÷ २९८, म्हणजे सुमारे ९ पीएसआय. साठाचे एकोणसत्तर झाल्याने चांगला टायर फुटत नाही. उन्हात फुटणाऱ्या टायरची कुशी आधीच विरलेली असते, किंवा हवा आधीच काठोकाठ भरलेली असते, किंवा ट्यूब टायरच्या कडेखाली अडकलेली असते. ऊन फक्त निमित्त ठरते. रोजच्या उन्हाने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात हे मात्र खरे आहे. म्हणून सावली बघा, पण ट्यूबसाठी नव्हे, टायरसाठी.
आणि हवा कमी ठेवून आपण एक काल्पनिक संकट टाळत आहात व खरे संकट ओढवून घेत आहात.

सात_गिअर
पंधरा वर्षांचा समज पंधरा ओळींत गेला. धन्यवाद.

काटेरी_वाट
माझा रस्ता कोरड्या माळाच्या कडेने जातो आणि माझा शत्रू एकच: सराटा. ज्याला गोखरूही म्हणतात, तोच. याचे फळ पिकले की त्याच्या पाच फाकी सुट्या होतात आणि प्रत्येक फाकीवर दोन मोठे, टणक काटे असतात. फाक जमिनीवर कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. एकदा झाडाखाली जागा मोकळी दिसली म्हणून सायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि परत येताना टायरवर अकरा फाकी मोजल्या. दोन्ही चाके थोड्या वेळाने शांतपणे बसली.
त्यानंतर जी सवय लावली तिने माझी निम्म्याहून जास्त पंक्चरे कमी झाली असतील. घरी आल्यावर सायकल उलटी करतो आणि प्रत्येक चाक हाताने सावकाश फिरवत टायरचा पृष्ठभाग पाहतो. काच किंवा काटा बहुधा पहिल्याच फेऱ्यात ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. तो रबरात अडकतो आणि पुढच्या कित्येक किलोमीटरमध्ये थोडा थोडा आत ढकलला जातो. तेवढ्या मुदतीत तो दिसला तर बोथट टोकाच्या सुईने काढून टाकता येतो. एकदा काळ्या रबरात तांदळाच्या कणीएवढी हिरवट चकाकी दिसली; उकरली तर नखाएवढा लांब काचेचा तुकडा निघाला, आणि ट्यूबला अजून ओरखडासुद्धा गेलेला नव्हता.
पावसात ही तपासणी जास्त काटेकोरपणे करावी. ओले रबर काचेने सहज चिरले जाते, आणि ओल्या टायरला कचरा चिकटून राहतो.

निवांत_स्वार
+१. फक्त एक भर घालतो. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब टाकण्यापूर्वी टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवावा. तुटलेला काटा बाहेरून दिसत नाही, पण कापसाचा धागा त्यात अडकतो. नुसत्या बोटाने चाचपू नये. मी चाचपले होते आणि काटा सापडला, बोटात.

जुनी_साखळी
सगळी चर्चा ट्यूबभोवतीच चालली आहे, म्हणून व्हॉल्व्हची बाजू मांडते. हळूहळू हवा जाते ती प्रत्येक वेळी पंक्चरमुळेच जाते असे नाही. जुन्या धाटणीच्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या नळीवर चढवलेली रबराची बारीक नळी असते, तिला आपण व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतो. ती विरली की हवा रात्रभरात उतरते आणि आपण उगाच ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसतो. मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर त्याची आतली पिन सैल झालेली असू शकते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर टोकावरची छोटी चकती हवा भरून झाल्यावर घट्ट केलेली असावी. तपासणी साधी आहे: व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर बघा.
व्हॉल्व्ह रिमच्या छिद्रातून सरळ बाहेर येतो का, हेही पाहावे. तो तिरका झाला असेल तर ट्यूब सरकून ताणली गेली आहे असे समजावे. कमी हवेवर जोरात ब्रेक लावले की टायर रिमवरून किंचित घसरतो आणि ट्यूबला सोबत ओढून नेतो. अशा वेळी हवा पूर्ण सोडून, टायर मोकळा करून, व्हॉल्व्ह सरळ करावा. हे दोन मिनिटांचे काम न केल्यामुळे मी तीन ट्यूब बुडाशी फाडल्या आहेत.

गुळगुळीत
मी सीलंट वापरतो आणि सुखात आहे. ट्यूबमध्ये द्रव भरला की काटा टोचल्यावर छिद्र आपोआप बुजते. एवढ्या तपासण्या करायला वेळ कुणाला आहे?

आरेवारी
गुळगुळीत, सीलंटला माझा विरोध नाही. सराट्यांच्या रस्त्यावर ते उत्तमच आहे. पण ते बुजवते ती काही मिलिमीटरपर्यंतची छिद्रे. चिमटून पडलेल्या चिरा किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली जागा त्याच्याने बुजत नाही, आणि रिमकडच्या छिद्राचे कारण तर ते दूर करूच शकत नाही. शिवाय काही महिन्यांत ते आत सुकते आणि पुन्हा भरावे लागते, म्हणजे तीही निगाच झाली. ज्या ट्यूबमध्ये सीलंट आहे तिला पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर ओल्या जागेवर सोल्युशन धरत नाही, हा अनुभव आपल्याला येईलच.

गुळगुळीत
तो अनुभव येऊन गेला आहे. सांगायचे टाळले होते.

काटेरी_वाट
टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायच्या प्लास्टिकच्या पट्टीविषयी मूळ प्रश्नात विचारले होते. मी दोन वर्षे वापरली. काटे थांबले, पण पट्टीची दोन टोके जिथे एकमेकांवर येत होती, तिथल्या धारेने घासून घासून ट्यूब झिजली आणि भोक पडले. वापरायचीच असेल तर टोके कात्रीने गोल करून कानशीने मऊ करावीत. त्यापेक्षा आतच संरक्षक थर असलेला टायर घेणे मला बरे वाटते. तो जड असतो आणि चढावर वजन जाणवते, पण पट्टीची भानगड राहत नाही.

पानेगुरुजी
थोडे विषयांतर, पण संबंध आहे. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतले होते, तेव्हा सायकल आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हती. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने प्रत्यक्षात आणली. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणे हे तासांचे काम होते. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला, तेव्हा कुठे सामान्य माणूस रस्त्यावर ट्यूब काढू लागला. काटेरी_वाट यांनी म्हटलेल्या संरक्षक थरात पुष्कळदा केव्हलारच्या जातीचे धागे असतात. केव्हलारचा शोध स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये लावला, आणि त्या वेळी शोधकामाचा रोख मोटारीच्या टायरसाठी हलका, मजबूत धागा मिळवण्यावर होता. म्हणजे तो धागा फिरून टायरमध्येच आला.

डबलसीट
थोडक्यात, १८८८ पूर्वी एकही सायकल पंक्चर होत नव्हती. प्रगती म्हणतात ती हीच.

सावकाश_जा
मागचेच चाक का, याचे उत्तर कुणी दिले नाही. बसणाऱ्याच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो आणि पेडलचा जोरही तिथेच लागतो, त्यामुळे मागचा टायर लवकर झिजतो आणि पातळ होतो. पुढच्या चाकाने उडवून उभा केलेला खिळा मागच्याला लागतो असेही म्हणतात. टायरचा मधला पट्टा चपटा झाला असेल किंवा खालचे धागे दिसू लागले असतील, तर निगेचे दिवस संपले, टायर बदला. नवा टायर पुढे लावावा आणि पुढचा मागे घ्यावा, कारण पुढचे चाक अचानक बसले तर सायकल सावरणे फार कठीण जाते.
ब्रेकचे गट्टूही पाहा. ते वर सरकून टायरच्या कुशीला घासत असतील तर कुशी बघता बघता कापली जाते.

मागचे_चाक
दोन्ही ट्यूब तपासल्या. सविस्तर लिहितो, कारण निकाल मला अपेक्षित नव्हता.
जुन्या ट्यूबवर दोन जागा आहेत. पहिल्या पंक्चरचे ठिगळ रस्त्याकडच्या बाजूला आहे, म्हणजे तो साधा काटा किंवा काच असावी. दुसरे छिद्र, ज्यासाठी मी ट्यूबच बदलली, ते रिमकडच्या बाजूला आहे. नव्या ट्यूबचे छिद्रही रिमकडेच आहे. आरेवारी यांनी सांगितल्याप्रमाणे व्हॉल्व्हपासून अंतर मोजले, तर एकात ४२ आणि दुसऱ्यात ४१ सेंटिमीटर भरले. दोन्ही छिद्रे टोचल्यासारखी नाहीत. त्यांच्याभोवती वाटाण्याएवढा गोल फुगवटा उमटलेला आहे आणि त्याच्या कडेला बारीक चंद्रकोरीसारखी चीर आहे.

आरेवारी
तो गोल फुगवटा म्हणजे आऱ्याच्या निपलसाठी (आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटासाठी) रिममध्ये पाडलेल्या भोकाचा ठसा आहे. ही भोके झाकणारी रिमवरची पट्टी, म्हणजे रिम टेप, तिथे सरकली आहे किंवा आत खचली आहे. हवेच्या दाबाने ट्यूब त्या भोकात शिरते आणि भोकाच्या धारेवर कापली जाते. एक विचारतो: दोन अडीच महिन्यांपूर्वी या चाकाचे काही काम केले होते का?

मागचे_चाक
हो. एक आरा तुटला होता, तो बदलून घेतला होता. त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातही आले नाही.
आता टायर पूर्ण उतरवून पाहिले. रिमवर प्लास्टिकची पातळ निळी पट्टी आहे. व्हॉल्व्हपासून आठव्या भोकाजवळ ती उचकटून पुन्हा बसवलेली दिसते. तिला तिथे घडी पडली आहे आणि भोकाचा अर्धा भाग उघडा आहे. बोट फिरवले तर धार लागते. बाकीच्या भोकांवर पट्टी जागेवर आहे, पण चार वर्षांत ती कडक झाली आहे आणि प्रत्येक भोकावर खळगा पडला आहे.

अर्धवट_हवा
म्हणजे आपण जितकी जास्त हवा भरली असती तितकी ट्यूब लवकर गेली असती. माझा सल्ला या एका सायकलपुरता मागे घेतो.

जुनी_साखळी
पट्टी पूर्ण बदलावी, तेवढ्याच जागी चिकटपट्टी लावून भागवू नये. कापडी रिम टेप मिळते ती घ्यावी; ती सरकत नाही आणि भोकात खचतही नाही. चिकटवण्यापूर्वी रिम स्पिरिटने पुसून कोरडी करावी. उघड्या भोकाची धार बारीक पॉलिशपेपरने मारून घ्यावी. सुरुवात व्हॉल्व्हच्या छिद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूने करावी, म्हणजे जोड व्हॉल्व्हपाशी येत नाही.

निवांत_स्वार
आणि ट्यूब बसवताना तिच्यात थोडी हवा भरून तिला आकार द्यावा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. टायरची शेवटची कडा व्हॉल्व्हपाशी हाताने चढवावी, पेचकसाने नव्हे. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढावा आणि पूर्ण हवा भरण्यापूर्वी टायरच्या दोन्ही कडा दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना, हे गोल फिरून पाहावे.

मागचे_चाक
टेप किती रुंद घ्यावी?

आरेवारी
रिमच्या आतल्या दोन भिंतींमधले अंतर मोजा. टेपने सर्व भोके पूर्ण झाकली पाहिजेत, पण ती टायरची कडा बसते त्या भिंतीवर चढता कामा नये. शंका असेल तर मिलिमीटरभर अरुंद घ्यावी.

मागचे_चाक
आतली रुंदी १९ मिमी भरली, म्हणून १८ ची कापडी टेप आणली आणि आज बसवली. दोन्ही ट्यूबना ठिगळे लावली. एक चाकात आहे, दुसरी पिशवीत. पुढच्या चाकाचाही टायर उतरवून पाहिला. तिथली निळी पट्टीसुद्धा दोन भोकांवर फाटायला आली होती, म्हणून उरलेली टेप तिथे वापरली.

डबलसीट
सोमवारी सकाळी कळवा.